सी-व्ह्यू कुणाला हवाय?

'वॉटरफ्रंट होम'! नुसता शब्द उच्चारला तरी कसं सॉलिड वाटतं, नाही? डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहतं. काठोकाठ भरलेला पूल, त्याच्या कडेवरून थेट समुद्रात सांडल्यासारखं दिसणारं पाणी, जमिनीपासून छतापर्यंत काच, पांढरा सोफा, पांढरे पडदे आणि पांढऱ्याच कपड्यांतली एक हसरी फॅमिली. (पांढऱ्या सोफ्यावर साडेचार वर्षांचं मूल कसं बसवतात, हे मला अजून कुठल्याही ब्रोशरने सांगितलेलं नाही.) आपण शुक्रवारी रात्री नऊ वाजता ऑफिसात क्लायंटच्या 'लास्ट चेंजेस'ची वाट बघत त्या फोटोकडे टक लावून बसतो, मनातल्या मनात इएमआय मोजतो आणि गुपचूप विंडो बंद करतो.

माझ्या चुलत भावाने ती बंद केली नाही.

दादा म्हणजे आमच्या खानदानातला एकमेव 'मेड इट लार्ज' माणूस. सोळा वर्षं एका कंपनीत राबला, कंपनी मोठी झाली, शेअर्स विकले आणि गेल्या वर्षी अलिबागच्या दक्षिणेला समुद्रालगत एक पट्टी घेतली. पट्टीच म्हणायची ती. रुंदी अठरा मीटर आणि लांबी अडीचशे! एका टोकाला गावातला रस्ता, दुसऱ्या टोकाला सुरूची झाडं, त्यांच्यापलीकडे पुळण आणि समुद्र. कोकणातल्या वाड्या अशाच असतात. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा प्रत्येकाला रस्ताही हवा असतो आणि समुद्रही. मग जमीन अशी उभी चिरत जाते.

हे घर दादाला स्वतःसाठी नको होतं. म्हणजे हवं होतंच, पण कारण वेगळं होतं. काका-काकूंची दिवेआगरला सुपारीची वाडी होती. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि एका दुपारीत वाडी झोपली. त्यात घराचं छप्पर गेलं. लॉकडाऊन चालू, फोन बंद, कित्येक दिवस वीज नाही. दादा पास काढून पोचला तेव्हा काका आडव्या पडलेल्या सुपाऱ्यांमधून नुसते फिरत होते. नवी सुपारी लावली तर ती धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात आणि काका तेव्हा अडुसष्टचे. दोघं पवईला आले ते तिथेच राहिले. फ्लॅट सातव्या मजल्यावर. बाल्कनीतून तलाव दिसतो, पण काका बाल्कनीत कधी बसत नाहीत.

"बाबांना त्यांचा समुद्र परत द्यायचाय," असं दादाने मला सांगितलं तेव्हा खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फ्रीलान्सर, कॉलमला विषय हवाच होता. म्हटलं, मला तुमच्या प्रत्येक मीटिंगला यायचंय.

जमीन घेतानाच पहिली गंमत झाली. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर शेतकरी असावं लागतं. म्हणजे कुणाच्या सातबाऱ्याच्या जोरावर? काकांच्या! पैसे दादाचे, नाव काकांचं. ज्यांना सरप्राइज द्यायचं त्यांच्याच सह्या घ्याव्या लागल्या, तेव्हा सरप्राइज गेलंच. काकांनी सह्या केल्या. बोलले काहीच नाहीत. आम्ही त्याचा अर्थ 'भरून आलंय' असा घेतला.

मग आर्किटेक्ट. वहिनीने मूडबोर्ड तयार ठेवला होता. पश्चिमेला पूर्ण काच, पुढे इन्फिनिटी पूल, वर डेक, खाली 'होम थिएटर'. मॅडमनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि होमवर्क दिला! घरात राहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा एक दिवस कागदावर लिहून आणायचा. किती वाजता उठता, चहा कुठे पिता, दुपारी कुठे पडता, कुणाशी बोलता. खोल्यांची यादी नको, दिवस हवा. हा फंडा मला जाम आवडला. आपण घर 'थ्री बीएचके' अशा भाषेत मागतो, आणि बिल्डर आपल्याला तीन बेडरूम देतो. दिवस कसा घालवायचा हे कुणी विचारतच नाही.

वहिनीने दोन पानं टाइप केली. दादाने मीटिंगला जाता जाता रिक्षात चार ओळी खरडल्या. पिल्लूने मासा काढला. काकांच्या कागदावर निळ्या पेनाने तीन वाक्यं होती. 'पहाटे पाचला उठतो. ओटीवर बसतो. झोपायच्या खोलीतून समुद्र दिसू नये.'

दादाचा चेहरा बघवेना.

त्या मीटिंगनंतर आम्ही साइटवर गेलो. गेटवेहून मांडव्याची बोट, पुढे टमटम. काकू आली नाही, तिला बोट लागते. मॅडमनी भरतीरेषेचा नकाशा उघडला आणि तिथे वहिनीच्या मूडबोर्डचा पहिला बळी गेला. समुद्राला चिकटून घर बांधताच येत नाही, बॉस! किनाऱ्याच्या बांधकामाचा नियम, म्हणजे 'सीआरझेड', १९९१ पासून आहे. मधे २०११ मध्ये तो नव्याने आला आणि आता २०१९ची अधिसूचना लागू होते. गावांकडच्या भागात भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर 'ना विकास क्षेत्र'. लोकवस्ती दाट असेल, दर चौरस किलोमीटरला २,१६१ माणसांहून जास्त, तर ही पट्टी ५० मीटरची. आपला प्लॉट कशात बसतो ते किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर बघायचं, एजंटच्या तोंडावर नाही. आमचा २०० मीटरवाल्यात निघाला. म्हणजे अडीचशे मीटरच्या पट्टीत घर बांधायला रस्त्याकडचे साधारण सत्तर मीटर उरले. तिथेही तळमजला अधिक एक, आणि उंची नऊ मीटरच्या आत.

"थोडं पुढे सरकवता नाही का येणार? इतके लोक बांधतात," वहिनी म्हणाली. मॅडमनी फक्त किहीमच्या दिशेला बोट दाखवलं. नीरव मोदीचा तिथला बंगला मार्च २०१९ मध्ये सरकारने सुरुंग लावून पाडला, हे तिकडे पोरासोरांना माहीत आहे. केरळात मराडूला तर जानेवारी २०२० मध्ये खाडीकाठचे अख्खे टॉवर उडवले गेले, त्यात साध्या नोकरदारांचे फ्लॅट होते. तेव्हा मंडळी, वीकएंडला कुणी 'बीच-टच प्लॉट, बांधकाम चालेल, मी बघतो' म्हणालं तर त्याच्याकडून कोकम सरबत प्या आणि परत या.

आता खरी मजा पुढे आहे. सत्तर मीटरच्या त्या तुकड्यात उभे राहून आम्ही आजूबाजूला बघितलं. शेजारची सगळी जुनी घरं नेमकी त्याच ओळीत होती! रस्त्याला तोंड, समुद्राला पाठ. पुढे ओटी, मग पडवी, माजघर, मागे परसू आणि विहीर, त्यामागे नारळ-सुपारीची वाडी, मग केतकीचं बन, मग सुरू, मग समुद्र. या घरांना कुणी नियम सांगितला नव्हता. समुद्र हा त्यांच्यासाठी शेजारी होता, सिनेमा नव्हता.

काका तोवर गप्प होते. मग वहिनीने काचेच्या भिंतीचा विषय काढला आणि ते बोलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दुपारचं कुणाला सांगितलं नव्हतं. दिवेआगरच्या घराला मागे, वाडीच्या बाजूला त्यांनीच दहा वर्षांपूर्वी मोठं दार पाडलं होतं. हवा यावी, पाहुण्यांना समुद्राचा आवाज यावा म्हणून. वादळात आधी ते दार फुटलं. "वारा आत शिरला की छप्पर राहात नाही गो," ते मला म्हणाले, "बाहेरून उडत नाही ते, आतून उचलतं." काकू तेव्हा माजघरात पिंपाच्या आड बसली होती. दार त्यांनी पाडलं होतं, हे ते दोनदा म्हणाले.

मॅडमनी वही काढली. पुढचा अर्धा तास त्या काकांना प्रश्न विचारत होत्या आणि आम्ही उभे. इंजिनीअरिंगच्या पुस्तकातही हेच आहे म्हणे. वाऱ्याच्या बाजूचं मोठं उघडं तोंड फुटलं की घरात दाब वाढतो, वरून वारा छप्पर खेचतच असतो, दोन्ही मिळून छप्पर जातं. म्हणून दुपाखी छपरापेक्षा चारही बाजूंनी उतरणारं चौपाखी छप्पर वादळात जास्त टिकतं. म्हणून पश्चिमेची खिडकी मोठी असेल तर तिला बाहेरून बंद होणारी भक्कम लाकडी झडप हवी. आणि पश्चिमेचं एक साधं गणित आपण विसरतो. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे! म्हणजे 'सी-व्ह्यू' घेतलात की दुपारी दोनपासूनचं ऊन फुकट. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, त्याच भिंतीवर आडवा. ब्रोशरमधला फोटो नेहमी जानेवारीतल्या संध्याकाळी सहाचा असतो, हे आता माझ्या लक्षात आलंय.

वहिनीचा जीव मात्र एका फोटोत अडकला होता. पांढरं, चारही बाजूंनी काचेचं, जमिनीवर तरंगल्यासारखं घर. तो फोटो शिकागोपासून काही अंतरावर फॉक्स नदीच्या काठी असलेल्या फार्न्सवर्थ हाऊसचा. मीस व्हान डर रोहे या जगप्रसिद्ध आर्किटेक्टने एका डॉक्टरबाईंसाठी बांधलेलं, १९५१ मध्ये पूर्ण झालं. नदीला पूर येतो हे माहीत असल्याने त्याने जमीन सोडून पाच फुटांहून वर घर उचललं. १९५४ मध्ये पाणी तरीही आत शिरलं. १९९६च्या पुरात काचा फुटल्या. घर बांधता बांधता मालकीण आणि आर्किटेक्ट कोर्टात पोचले होते. सिंकखाली कचऱ्याची बादली ठेवायची सोय नाही, रस्त्यावरून दिसते, अशीही त्या बाईंची तक्रार होती. आज ते म्युझियम आहे, आणि दिसतं अप्रतिमच. वहिनी फोटो बघत म्हणाली, "बादलीचा मुद्दा बरोबर आहे."

नांदगावचं 'पामायरा हाऊस' मॅडमनी तिला दाखवलं तेव्हा बर्फ वितळला. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये पूर्ण केलेलं हे घर. नारळाच्या बागेत दोन लांबट लाकडी पेट्या, मधे पूल. भिंतींच्या जागी ताडाच्या खोडापासून केलेल्या झडपा, त्यातून वारा आणि उजेड गाळून येतो. पाणी जागेवरच्या विहिरींतून उंच टाकीत आणि तिथून आपोआप घरात. २०१०च्या आगाखान पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत हे घर पोचलं होतं. लक्झरी म्हणजे काच आणि मार्बल एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी त्याचे फोटो बघावेतच.

मग महिनाभर चाललं ते सामानाचं. हा भाग मी पटकन उरकते, कारण खाऱ्या वाऱ्यावर बोलायला लागलं की मॅडम थांबत नाहीत. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. म्हणून सळईवरचं काँक्रीटचं आवरण जाड हवं आणि पुळणीवरची वाळू बांधकामात चुकूनही नको. बिजागऱ्या, कड्या, रेलिंग यांना साधं स्टेनलेस स्टील चालत नाही, ३१६ ग्रेडचं लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं. सरकत्या काचेच्या दारांच्या खाचेत वाळू बसली की दार बसलंच. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या बाजूला टांगू नका. भिंती जांभ्याच्या, छप्पर कौलांचं, पण कौलं खालून बांधलेली. तासाभराच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटं फक्त स्क्रूवर गेली आहेत, विश्वास ठेवा.

भांडण झालं ते पूलवरून. दादाला पूल हवाच होता, दहा मीटर बाय चार. काकांनी विहिरीत पोहरा सोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. "मचूळ लागतंय. मे महिन्यात बघ." मग त्यांनी विचारलं, पूल भरायला पाणी किती? मॅडमनी हिशेब केला. सव्वा मीटर सरासरी खोली धरली तरी पन्नास हजार लिटर. काकांनी नुसतं विहिरीकडे बघितलं.

किनाऱ्यावरच्या विहिरीचं शास्त्र भारी आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर खाली ढोबळमानाने चाळीस मीटर असतं. आता उलटा विचार करा. पंप लावून वरची पातळी थोडीशी जरी कायमची खाली नेली, तर खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. आणि ते फक्त तुमच्या विहिरीत येत नाही. शेजारच्या वाडीतल्या म्हातारीच्याही विहिरीत येतं, जिने पूल कधी बघितलेलाही नाही. दादा त्यावर चिडला. "म्हणजे मी पैसे दिले, जमीन माझी, आणि मी पोहायचं पण नाही?" काका शांतपणे म्हणाले, "जमीन माझ्या नावावर आहे."

बापरे! परतीच्या बोटीत कुणी कुणाशी बोललं नाही. वडापावसुद्धा तसेच राहिले.

तोडगा निघायला तीन आठवडे लागले. पूल राहिला, पण अर्धा. पावसाचं पाणी छपरावरून टाकीत आणि टाकीतून पूलमध्ये, विहिरीला हात नाही. पूल समुद्राकडे नाही, घराच्या आतल्या अंगणात, जिथे पूर्वी खळं असायचं. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावरून पूर्ण दिसतो आणि त्याला आपोआप मिटणारं फाटक आहे, कारण पिल्लूला अजून पोहता येत नाही. हे दोन्ही मुद्दे वहिनीचे. मूडबोर्डवाली हीच का ती, असं मला वाटलं. होम थिएटर गेलं, तिथे काकांची अवजारांची खोली आली. 'व्ह्यू' म्हणून पुढचा अख्खा पट्टा आता वाडी आहे. आधी केळी, केळीच्या सावलीत सुपारीची रोपं, कडेने नारळ. काका म्हणतात, सुपारी धरेपर्यंत मी असेन-नसेन, केळी तर खाऊ.

काकांची खोली पूर्वेला, तळमजल्यावर. दार थेट ओटीवर. समुद्र दिसत नाही.

मी हे सगळं इथेच संपवून टाकणार होते. जुन्या लोकांना कसं सगळं माहीत होतं, घर कसं समुद्राला पाठ करून शहाणं असतं, वगैरे छान शेवट मनात तयारही होता. पण परवा पवईला शेवटचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता, तेव्हा काकू भाजी निवडता निवडता वाकून बघायला लागली. तिने वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीवर बोट ठेवलं. नारळांच्या शेंड्यांवरून जिथून समुद्राची एक पट्टी दिसणार आहे, ती खोली. नकाशात तिथे 'गेस्ट' असं लिहिलं होतं.

"ही कुणाची?"

"पाहुण्यांची, आई," वहिनी म्हणाली.

"मग मी पाहुणी. ही मला द्या."

सगळे गप्प. मग माझ्या लक्षात आलं, होमवर्कचा कागद काकूकडून कुणी घेतलाच नव्हता. 'आईचं बाबांसारखंच,' असं दादाने मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं, आणि मीही ते वहीत तसंच लिहून घेतलं होतं.

"बेचाळीस वर्षं समुद्र माझ्या घरामागे होता," काकू म्हणाली. "आणि मी माजघरात. दिवाळीच्या फराळाला उजेड कमी, बाळंतपणाला उजेड कमी. ओटी पुरुषांची, वाडी गड्यांची. आवाज रोज ऐकला. बसून बघितला कधी? मला खिडकी हवी. मोठी."

"अगो, वादळ आलं तर?" काका म्हणाले.

"तर खाली येईन. तुमच्या खोलीत. रोज थोडंच येतं?"

"आणि जिना? गुडघे?"

"इथली लिफ्ट बंद पडते तेव्हा सातव्या मजल्यावर दूध काय तुम्ही आणता?"

मॅडमना फोन लावला. त्यांनी स्पीकरवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काकू, खिडकीशी बसून काय करणार? काकू जरा लाजली. म्हणाली, काही नाही, बसणार. मग थोड्या वेळाने म्हणाली, चहा पिणार, पण तो कुणीतरी वर आणून द्यायचा.

खिडकी पाच फूट रुंद ठरली आहे. बाहेरून सागवानी झडप, ३१६च्या बिजागऱ्या, उंबऱ्याइतक्या उंचीवर बसायची दगडी बैठक. झडप वादळात आतूनच खेचून लावता येईल अशी हवी, असा काकांचा आग्रह आहे, आणि ती दोरी कशी असावी ते त्यांनी कागदावर काढून मॅडमना पाठवलंय. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे. पायाचं काम दिवाळीनंतर सुरू होईल.

'गेस्ट' हा शब्द नकाशावर अजून तसाच आहे. काकू म्हणाली, राहू दे.